गेली म्हणजे कुठे गेली

लियों, २ सप्टेंबर २००९

प्रिय आत्या,

पोचले. किल्ली तू सांगितलीस तशी आधी उलटी, मग सुलटी फिरवली आणि दार उघडलं. चार मजले दोन बॅगा घेऊन चढले आणि तुझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसकण मारली. तू हे रोज बाजाराची पिशवी घेऊन चढायचीस? आमच्या ब्रेस्तच्या घरात तू पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट मागतेस, ते आठवून मला हसू आलं.

पत्र लिही म्हणालीस ते बरं केलंस. फोनवर तू ‘हो, हो’ म्हणतेस तेव्हा तुला काहीही ऐकू आलेलं नसतं, हे पपांना कळत नसलं तरी मला कळतं.

आता वाईट बातमी. समोरची भिंत दिसत नाही. लहानपणापासून ऐकत आले की आत्या लियोंच्या एका भिंतीवरच्या चित्रात तीन मजले उंचावर खिडकीत उभी आहे आणि शेजारी तिचं मांजर बसलंय. म्हणून पहिलं काम काय केलं, तर तुझ्या खिडकीचा पडदा सारला. बघते तर काय, अख्ख्या भिंतीला परांची बांधलेली आणि वर हिरवी जाळी. आत कोणीतरी रेडिओ लावून गातंय. खालच्या पाटीवर लिहिलंय की भिंत ताजी करण्याचं काम चालू आहे. जाळीतून फक्त एक रंगवलेला कंदील आणि कोणाचं तरी कोपर दिसतं. ते तुझं नसावं.

बेकरीवाल्या मादाम फायोल फार मायाळू आहेत. मी तुझी भाची म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, ‘गेली ना आमची जोझियान.’ मी म्हटलं, हो ना, अचानकच. पण खरं सांगायचं तर गेली ते बरं झालं, इथे एकटीचे फार हाल झाले असते. त्या माझ्याकडे जरा विचित्रच बघत राहिल्या. मग गुलाबी साखरबदामांचा एक पाव कागदात गुंडाळून दिला आणि काही ऐकूनच घेईनात. लियोंचे लोक थंड असतात असं आई का म्हणते कोण जाणे.

सोमवारपासून बस चालवायचं शिक्षण सुरू.

तुझी,
तिफेन


ब्रेस्त, ८ सप्टेंबर

तिफेन बाळा,

दमलीस तर दुसऱ्या मजल्यावर थांबू नकोस, तिथे कायम कोबी शिजत असतो. तिसऱ्यावर थांबायचं. तिथे खिडकी आहे.

भिंत ताजी करतायत म्हणजे वेळ झाली तर. अठरा वर्षं झाली. तुला नीट सांगते, म्हणजे जाळी निघाल्यावर काय बघायचं ते कळेल. ती त्या इमारतीची आंधळी बाजू होती, एकही खिडकी नसलेली, पावसाने काळी पडलेली. चित्रकारांनी तिच्यावर अख्खी दुसरी इमारतच काढली. खिडक्या, जिना, गॅलऱ्या, खाली दुकानं. आणि खिडक्यांत काल्पनिक माणसं घालायची नाहीत, आमच्या गल्लीत, रंगाऱ्यांच्या चढणीवर, जे राहतात तेच घालायचे, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आम्हाला एकेकाला आपापल्या खिडकीत उभं केलं. माझी वेळ आली तेव्हा मी नुकतीच न्हाऊन आले होते. त्या चित्रकार बयेने मला केस पुसायलाही वेळ दिला नाही. तेव्हापासून ऊन असो की बर्फ, भिंतीवर माझे केस ओले आहेत. शेजारी माझं मांजर, बिस्कोत. ते मात्र झकास आलंय, फाजील होतं तसंच.

अगदी खाली कुलपांच्या दुकानाच्या दारात हातात किल्ली घेऊन एक माणूस उभा आहे. तो आन्सेल्म. तो वर बघतोय. पाऊस येतो का ते बघतोय, असं तो म्हणतो.

फायोल हळवी आहे. कोणी गल्ली सोडून गेलं की तिला घरातलं माणूस तुटल्यासारखं होतं. पाव खा, पण रोज घेऊ नकोस, नाहीतर स्टिअरिंगच्या मागे मावणार नाहीस.

जाळी निघेपर्यंत दुसऱ्या भिंती बघ. तुझं गाव समुद्राने आणि युद्धातल्या बॉम्बने रंगवलं, माझं माणसांनी रंगवलंय. बसमधून काय काय दिसतं ते मला लिही. इथे तुझे पपा मला संध्याकाळी टीव्हीवर बोटींच्या शर्यती दाखवतात. त्यात काही बघण्यासारखं असतं का?

आन्सेल्मचं दुकान चालू असतं का? उगाच विचारते.

तुझी आत्या,
जोझियान


लियों, २० सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझ्या गावाने मला आज भर चौकात तोंडावर पाडलं. मी ट्रॉलीबस चालवत होते, शेजारी शिकवणारे साहेब. वळणावर एक भिंत आली, तिच्यावर चौकच काढलेला. दिव्याचा खांब, बाक, आणि भिंतीतून आत जाणारी गल्ली, अशी की वाटावं बस सरळ आत घालावी. मी बघतच राहिले, वळण मोठं घेतलं आणि वरच्या विजेच्या तारांवरचे दोन्ही दांडे निसटले. बस बंद. साहेब शांतपणे म्हणाले, ‘खरी गल्ली डावीकडे आहे.’ मग मी हातमोजे घालून दोरीने दांडे परत तारेवर चढवत होते आणि अख्खी बस खिडकीतून सूचना करत होती. तेवढ्यात एका कुत्र्याने त्या रंगवलेल्या खांबाशी तंगडी वर केली. म्हणजे फसलेली मी एकटी नव्हते.

सुट्टीच्या दिवशी मी आता चालतच सुटते. आत्या, मोठ्या भिंती तर आहेतच, पण मला वेड लावलंय छोट्या गोष्टींनी. आपल्या टेकडीवरच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंना कोणीतरी कागदी मासे चिकटवलेत. खालून चढताना मासे दिसतात, वरून उतरताना नुसत्या पायऱ्या. पावसाने काहींच्या शेपट्या गेल्या आहेत. एका ठिकाणी फुटपाथचा खड्डा रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी भरलाय, रजईला ठिगळ लावावं तसा. लोक त्याच्यावर पाय न देता वळसा घालून जातात. खड्डा होता तेव्हा खुशाल पाय देत होते.

हे सगळं करतं कोण? कोणी सांगत नाही. एकदाच एक बाई सापडल्या, तुझ्याहून थोड्या लहान, हातात खळीची बादली आणि ब्रश. भिंतीवर कागदी चिमण्या लावत होत्या. मी विचारलं तर दचकल्या. म्हणाल्या, ‘भिंत माझ्याच घराची आहे, पण अशी चोरून लावली नाही तर मजा येत नाही.’

इथले लोक तुझी फार चौकशी करतात. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, शेवटी फार त्रास झाला का? मी म्हटलं, प्रवासात थोडा झाला, पॅरिसला गाडी बदलावी लागली ना. पण आता समुद्राजवळ आहे, शांत आहे. त्यांनी डोळे पुसले. मला तर वाटलं नव्हतं की खुबा मोडलेल्या माणसाबद्दल कोणाला एवढं वाटेल.

आन्सेल्मकाकांचं दुकान चालू आहे. मी आत जाऊन तुझं नाव सांगितलं तर त्यांनी पाठ फिरवली आणि किल्ल्या कापायचं यंत्र चालू केलं. यंत्रात किल्ली नव्हती. तुसडे आहेत का?

तुझी,
तिफेन


ब्रेस्त, २६ सप्टेंबर

तिफेन बाळा,

तुझं पत्र मी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवलं. कुत्र्यापर्यंत आले आणि दोघींनाही पुढे वाचवेना. त्या मासेवाल्याबद्दल आणखी काही कळलं तर लिही. आमच्या वेळी पायऱ्यांवर मासे नव्हते, फक्त नावं फवारलेली असायची. तो मूर्खपणा मला अजूनही आवडत नाही. स्वतःचं नाव लिहायचं असेल तर घराच्या घंटीवर लिहावं.

आन्सेल्म तुसडा नाही. आमचं बोलणं बंद आहे. तुला म्हणून सांगते, तुझ्या पपांना हे ठाऊक नाही. दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला यायचा, किती वर्षं ते विचारू नकोस. मी पडले तेव्हा मला जिन्यावरून खाली आणणारे चौघे जण होते, आणि हा पाचवा, नुसता मधे मधे करणारा. दारापाशी आलो तेव्हा माझ्यावर वाकून म्हणाला, ‘जोझियान, हे जिने आता तुला जमायचे नाहीत. माझ्याकडे खालीच ये.’ अख्खी गल्ली उभी होती. मी आडवी पडलेली, पायात चप्पल नाही, आणि हा असं विचारतो. मी तोंड भिंतीकडे केलं. दवाखान्यात आला तेव्हाही बोलले नाही, आणि तिथूनच इकडे निघून आले.

विचारायचीही एक वेळ असते. असो, झालं ते झालं. जाळी निघाली की लगेच लिही.

आत्या


लियों, ६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

निघाली, जाळी वरच्या अर्ध्यावरची निघाली. सकाळी डबा भरता भरता वर बघितलं तर समोर अख्खं घर उभं. मी पपांची दुर्बीण काढली आणि कामावर उशिरा पोचले.

आत्या, त्यांनी माणसं मोठी केली आहेत. म्हणजे वयाने. तू सांगितलं नव्हतंस. फायोलबाईंची मुलगी, जुन्या फोटोत दोरीवर उड्या मारणारी, ती आता गॅलरीत बाळाची गाडी ढकलते आहे. स्वतः फायोलबाईंचे केस पांढरे केलेत, त्यावरून त्या चित्रकारांवर रुसल्यात. पियानो शिकणारा मुलगा टकला झालाय, पण पियानो तोच. मी तासभर एकेक चेहरा बघितला आणि मग खाली उतरून तीच माणसं गल्लीत शोधली. वर बघायचं, खाली बघायचं, वर बघायचं. मान धरली.

तुझी खिडकी सापडली. तिसरा मजला, पन्हाळीच्या उजवीकडे. पण तू दिसत नाहीस, कारण झडपा लावलेल्या आहेत. सुंदर रंग दिलाय, राखाडीत थोडा निळा, आणि फळ्यांच्या फटींत सावलीसुद्धा काढली आहे. बाहेर कठड्यावर बिस्कोत बसलंय, तुला हाक मारत असल्यासारखं. मला वाटतं दुपारची झोप दाखवली असावी. आणखीही काही खिडक्या तशाच बंद आहेत. कल्पना छान आहे ना, आत कोणीतरी आहे असं वाटत राहतं.

दुकानांचा भाग अजून जाळीत आहे. आन्सेल्मकाका रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालतात, तेही भिंतीकडे तोंड न करता.

तुझी,
तिफेन


ब्रेस्त, ९ ऑक्टोबर

तिफेन,

आधी खाली बस.

त्या भिंतीवर दुपारची झोप कोणी घेत नाही. आम्हीच ठरवलं होतं. जो गल्ली सोडून जाईल त्याची खिडकी नव्या भाडेकरूला द्यायची. आणि जो मरेल त्याला पुसायचं नाही, त्याच्या झडपा लावायच्या. पहिल्या झडपा एर्नेस्तीनच्या लागल्या, आमची दरवान होती, भिंत पुरी व्हायच्या आधीच वारली. त्या दिवशी आम्ही सगळे खाली उभे होतो आणि वर चित्रकार रंग लावत होता.

म्हणजे मी मेले. आणि बिस्कोत, ज्याला मी माझ्या हाताने पुरलं, ते जिवंत.

तुझी आधीची पत्रं मी पुन्हा काढून वाचली. गेली ते बरं झालं, असं तू फायोलला म्हणालीस. औषधवालीला सांगितलंस की समुद्राजवळ आहे, शांत आहे. बाळा, तू माझी राख समुद्रात सोडून मोकळी झालीस आणि त्याबद्दल साखरबदामाचा पाव खाल्लास. आणि माझ्या घरात राहतेस, माझ्या खिडकीतून बघतेस. त्यांना दुसरं काय वाटणार?

तुझ्या आईला सांगितलं तर ती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. मीही हसले. मग वर जाऊन दार लावून बसले. आपण नसताना आपल्या गल्लीने आपल्याला पोचवलं आणि आपल्याला पत्ताच नाही, हे काही चांगलं वाटत नाही.

जा आणि सांग त्यांना. ~~आधी आन्सेल्मला.~~ आधी फायोलला सांग, म्हणजे सगळीकडे पोचेल. खोडलेलं वाचू नकोस.

आत्या


लियों, १४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

खोडलेलं वाचलं, आणि तसंच केलं.

पत्र मिळाल्यावर दोन दिवस मला तोंड वर करून गल्लीतून चालवेना. मग आन्सेल्मकाकांकडे गेले. दुकानात काउंटरवर पिवळ्या शेवंतीची मोठी कुंडी होती. मी म्हटलं, आत्या जिवंत आहे, ब्रेस्तला आहे, काल दोन वाडगे सूप प्यायली. त्यांनी हातातली किल्ली खाली ठेवली नाही, कानस घासतच राहिले. घासून घासून किल्लीचे दात गेले. मग स्टुलावर बसले आणि मला बाहेरची पाटी उलटी करायला सांगितलं, दुकान बंद म्हणून.

उन्हाळ्यात चित्रकार घरोघरी विचारत आले होते, कोण आहे, कोण नाही. तुझं नाव निघालं तेव्हा आन्सेल्मकाका म्हणाले, ‘जोझियान? गेली.’ एवढंच. त्याहून जास्त त्यांना बोलवत नव्हतं. चित्रकारांनी त्यांचा चेहरा बघितला आणि झडप लावायची असं लिहून घेतलं. पुढे नवं रेखाटन गल्लीत सगळ्यांना दाखवलं, त्यात तुझी खिडकी बंद. आन्सेल्मकाकांना वाटलं, आपल्याला कोणी कळवलं नाही, पण घरच्यांनी चित्रकारांना कळवलेलं दिसतं. बाकीच्यांना वाटलं, आन्सेल्मला कळलं असणारच. मग मी आले, तुझी किल्ली घेऊन. कोणी कोणाला काही विचारलंच नाही.

मी शेवंतीबद्दल विचारलं. म्हणाले, सगळ्या मृतांचा दिवस जवळ आला, त्या दिवशी जो तो कबरीवर शेवंतीच ठेवतो, तेव्हा चांगली कुंडी मिळत नाही म्हणून आधीच आणली. पण कबर कुठे आहे ते मला कसं विचारावं, त्यांना कळत नव्हतं.

मग मात्र भडकले. आत्या, ते म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. ‘तिला सांग, मी गेली म्हणालो होतो, मेली नव्हतो म्हणालो. आणि जाताना एक शब्द बोलून गेली असती तर मीही दोन शब्द जास्त बोललो असतो.’

तिथून परांचीवर गेले. मुख्य चित्रकार ब्लांदीन म्हणून आहे, कानामागे ब्रश, रेडिओ तिचाच. तिने ऐकलं आणि कपाळावर हात मारला, कपाळ हिरवं झालं. माफी मागितली, तुझीही मागायला सांगितली. झडपा एका दिवसात उघडता येतील म्हणाली. पण मग थांबली. आत्या, हे मला लिहायला जड जातंय. ती म्हणाली, बाई जिवंत आहे पण ब्रेस्तला राहते, म्हणजे गल्ली सोडून गेली. नियमाने ती खिडकी आता नव्या भाडेकरूची. म्हणजे माझी. त्या खिडकीत तिला मला काढायचं आहे.

मेलेली असतीस तर भिंतीवर राहिली असतीस. जिवंत आहेस म्हणून पुसली जाणार. महिनाअखेरीला सगळ्या भिंतीवर रोगण मारतील, मग पुढची पंधरा-वीस वर्षं कोणी हात लावणार नाही. मी काय सांगू तिला?

तिफेन


ब्रेस्त, १७ ऑक्टोबर

तिफेन बाळा,

नियम नियमच असतो. मी तो करताना हात वर केला होता.

तू बस खिडकीत. तुझा चेहरा तरुण आहे, रंग कमी लागेल. फक्त केस कोरडे ठेव. मला इथे काही कमी नाही. तुझे पपा काळजी घेतात, खारं लोणी चांगलं मिळतं आणि हवा आरोग्याला बरी. माझा खुबा म्हणजे गंजलेली बिजागरी झालाय. चार मजले चढायचे म्हणजे आता स्वप्नच. आन्सेल्म बोलला ते बोलायला नको होतं, पण खोटं नव्हतं.

बिस्कोत राहू दे म्हणावं. त्याने गल्ली सोडली नाही.

आत्या


लियों, २२ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र वाचून मी रडले आणि लगेच आईला फोन केला.

आई म्हणाली की तू रोज सकाळी बंदरावर मासे बघायला जातेस आणि वरच्या रस्त्यावर परत येताना त्या लांबलचक पायऱ्यांनी येतेस. काठी घरीच ठेवतेस. शेजारच्या बाईंना तू सांगितलंस की लियोंच्या माणसाला या पायऱ्या म्हणजे काहीच नाहीत. घरात मात्र लिफ्ट. गंजलेल्या बिजागरीची ही तऱ्हा मी पहिल्यांदाच ऐकतेय.

मला राग आलाय आणि तो मी लिहिणार आहे. खुबा केव्हाच बरा झाला. तू तिथे बसली आहेस कारण एका माणसाने अख्ख्या गल्लीसमोर म्हटलं की तुला जमायचं नाही. परत आलीस आणि खरंच नाही जमलं तर? ते तो बघेल, याची तुला भीती वाटते. म्हणून तू स्वतःला पुसून घ्यायलाही तयार झालीस. मी तुझ्या जागी उभी राहणार नाही. ब्लांदीनला तसं सांगितलंय. ती म्हणाली, सगळ्यात शेवटी करायची खिडकी म्हणून तुझीच ठेवते. ३१ तारखेला संध्याकाळी रोगण.

मी ३०ला सकाळी सुट्टीवर ब्रेस्तला निघते आहे. घर रिकामं असेल, किल्ली फायोलबाईंकडे ठेवते. गादीवर धुतलेली चादर घातली आहे. बाकी तू आणि तुझ्या झडपा.

तिफेन


लियों, ३ नोव्हेंबर

तिफेन बाळा,

तू इकडून निघालीस, मी तिकडून निघाले, आणि मधे कुठेतरी आपल्या गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असतील. तुझ्या पपांना म्हणावं रागावू नका. त्यांच्या टीव्हीसमोरची खुर्ची आता त्यांनाच.

मी शुक्रवारी दुपारी आले. चढणीच्या तोंडाशी टॅक्सी सोडली आणि चालत वर निघाले, म्हणजे ज्याला बघायचं त्याने बघून घ्यावं. फायोल दुकानातून बाहेर आली, मला बघितलं आणि तिच्या हातातली पावांची टोपली खाली गेली. पाव घरंगळत खालपर्यंत गेले. मग ती इतकी रडली की मलाच तिला धरून आत न्यावं लागलं. औषधवालीने माझं मनगट धरलं, नाडी बघितली असा मला संशय आहे.

मग जिने. मी सावकाश चढले. कोबी अजून शिजतोय. तिसऱ्यावर थांबले, खिडकीतून वाकून भिंत बघितली आणि माझ्या बंद झडपा दिसल्या. आपल्याच मरणाकडे बघताना दम लागत नाही, असं माझ्या लक्षात आलं. चौथा मजला एका दमात झाला.

शनिवारी ब्लांदीन वर आली, कागद-पेन्सिल घेऊन. म्हणाली, आता तुम्ही आलात, नियम पुरा झाला, उभ्या राहा. मी उभी राहिले. तिने दोन रेघा काढल्या आणि मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, थांब. अठरा वर्षं मी तिथे ओल्या केसांनी उभी होते. लोक रोज मला बघायचे, म्हणून वर येऊन भेटायची कोणाला गरज वाटली नाही. आणि मी गेले तेव्हाही सगळ्यांनी भिंतीलाच विचारलं. मी म्हटलं, झडपा सताड उघड, पडदा थोडा बाहेर उडालेला दाखव, कठड्यावर मांजर असू दे, आणि मला काढू नकोस. ती म्हणाली, असं भिंतीवर कधी केलेलं नाही, उघडी खिडकी आणि माणूस नाही, लोक याचा अर्थ काय लावतील? मी म्हटलं, बाई घरात आहे, आतल्या खोलीत. ज्याला भेटायचं तो वर येईल.

तिने तसंच काढलं. तू आलीस की बघ. आणि खाली कोपऱ्यावरही बघ. तिथे तिने एक छोटी ट्रॉलीबस काढली आहे, दोन्ही दांडे तारेवरून निसटलेले, आणि एक मुलगी दोरी धरून वर बघतेय. हे तिला कोणी सांगितलं हे मी सांगणार नाही.

आन्सेल्म दोन दिवस वर आला नाही. खाली दुकानाच्या दारात उभा राहायचा, भिंतीवर उभा आहे तसाच, आणि वर बघायचा. पाऊस नव्हता. मीही खाली गेले नाही. जे बोलायचं होतं ते उघड्या खिडकीत रंगवलेलं होतं.

काल, सोमवारी, मृतांच्या दिवशी, दुपारी जिन्यात पावलं वाजली. मी ओळखली. पहिल्यावर थांबली. दुसऱ्यावर थांबली, म्हणजे कोबी हुंगला असणार. तिसऱ्यावर इतका वेळ थांबली की मी दाराजवळ जाऊन उभी राहिले. माझ्या दाराची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असते, पण त्याने दार वाजवलं. मी उघडलं.

तो भिंतीला टेकून उभा होता, चेहरा लाल, कोटाची बटणं उघडी, दोन्ही हातांत शेवंतीची कुंडी. जिवंत माणसाच्या दारात शेवंती घेऊन येणारा अख्ख्या लियोंमध्ये हा एकच. बोलायला त्याला श्वास पुरेना. शेवटी म्हणाला, ‘हे जिने आता काही जमायचे नाहीत.’

मी विचारलं, ‘कोणाला?’

तो हसायला लागला आणि त्यात उरलासुरला दमही गेला. मग मी त्याच्या हातातून कुंडी घेतली आणि त्याला बसायला खुर्ची दिली.

तुझी आत्या,
जोझियान